नामाला क्रियापद जोडा: नाशिकमध्ये फोटोंची थीम कुठून सुचते

प्रश्न असा आला आहे: "मी सिडकोत राहतो, अंबडला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आमचा हौशी फोटोग्राफरांचा गट आहे, दर महिन्याला एक थीम ठरते. मागच्या महिन्यात 'पाणी' होती. बावीस जणांपैकी चौदा जणांनी रामकुंडावरचे दिवे आणले, त्यात मीही होतो. या महिन्यात 'प्रतीक्षा' आहे आणि काहीच सुचत नाही. वर्षातून एखादी ट्रिप होते, तिथूनही सगळ्यांसारखेच फोटो घेऊन येतो. रोजच्या जगण्यात आणि प्रवासात थीमसाठी विषय सापडतात कसे? कॅमेरा साधा आहे, १८-५५ लेन्स, नाहीतर फोन."

चौदा जणांनी दिवे आणले याचं मला नवल वाटलं नाही. उरलेल्या आठांतल्या निम्म्यांनी सोमेश्वरचा धबधबा आणला असणार. 'पाणी' म्हटल्यावर डोक्यात जे पहिलं चित्र उमटतं ते सगळ्यांचं सारखंच असतं, कारण ते आपण पाहिलेलं नसतं. कुणाच्या तरी फोटोत पाहिलेलं असतं.

पंचवीस वर्षं मी लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग आणि अधूनमधून शेतीमालाच्या जाहिराती यांच्यावर पोट भरतोय. स्वतःसाठी फोटो काढतो ते उरलेल्या वेळात, म्हणजे तुमच्यासारखाच. त्या अनुभवावर सांगतो, 'पाणी' ही थीम नाही. ते नाम आहे. त्याला क्रियापद जोडलंत की थीम तयार होते. पाणी चढतं. पाणी आटतं. पाणी वाहून आणावं लागतं. पाणी भिंतीवर खूण ठेवून जातं. या प्रत्येक वाक्याचे फोटो वेगळे, जागा वेगळ्या, जायची वेळही वेगळी. नुसतं 'पाणी' घेऊन बाहेर पडलात तर पाय आपोआप गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेच्या घाटावर जातात. 'पाणी चढतं' घेऊन निघालात तर आधी थांबून विचार करावा लागतो: कुठे चढतं, किती, आणि ते चढलंय हे कशावरून कळतं?

ही काही मला सुचलेली युक्ती नाही, अपघातानं पदरात पडली. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. नात्यातल्या एकांच्या दशक्रियेला गेलो होतो, कॅमेरा गाडीच्या डिकीत होता. सगळं आटोपल्यावर पायऱ्यांवरून तळाच्या फरशीचा एक फोटो काढला, कशासाठी ते ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला गोदेला मोठा पूर आला. अर्धं नाशिक पूर बघायला पुलांवर जमलं होतं, मीही गेलो. पुढे दिवाळीच्या आधी हार्ड डिस्क आवरताना ते दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकात पायऱ्या मोजता येत होत्या, दुसऱ्यात एकही दिसत नव्हती. सुटे पाहिले तर दोन्ही फोटो बेताचेच होते. पण शेजारी ठेवल्यावर मी पंधरा मिनिटं त्यांच्याकडेच बघत बसलो.

मग डोक्यात आलं की नाशिककर पुराचं माप मीटरमध्ये सांगतच नाहीत. आपण म्हणतो, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मारुती बुडाला म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागतो, कारण २००८ आणि २०१९ चं पाणी त्याच्या लक्षात आहे. म्हणजे माझी थीम लोकांच्या बोलण्यात आधीच तयार होती, 'पातळी'. पुढची दोन वर्षं मी तेवढंच केलं. धरणाच्या भिंतीवरची पट्टी. पुरानंतर भिंतीवर उरलेली गाळाची रेघ आणि त्या रेघेवर खिळा मारून टांगलेलं कॅलेंडर. सोसायटीच्या टाकीत डोकावून बघणारा वॉचमन. आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं बोट. शेवटच्या फोटोत गोदावरी कुठेच नाही, तरी ती बाटली पुराच्या फोटोशेजारी बसते, आणि तीच मला सगळ्यात आवडते.

पुराचे फोटो काढायला जाल तेव्हाची एक बारीक गोष्ट. पाण्याचा वेग दिसावा म्हणून शटर १/१५ सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं आणि ट्रायपॉडला गर्दीत जागा नसते, मग आपण कॅमेरा पुलाच्या कठड्यावर टेकवतो. कठड्याला कान लावून बघा. मागून गाडी गेली की तो थरथरतो. दोन गाड्यांच्या मधली शांतता पकडावी लागते. माझे पहिले चाळीस फोटो या एका कारणानं वाया गेले आणि घरी येईपर्यंत ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, सुचतं कसं. सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे स्वतःचेच जुने फोटो. गेल्या तीन वर्षांतले, कुणी न सांगता काढलेले साठेक फोटो निवडा आणि लॅबमधून चार-बाय-सहाच्या प्रिंट काढून आणा. फोनवर बघून हे होत नाही, फोनवर एका वेळी एकच फोटो दिसतो. रविवारी दुपारी घरातली जेवणं झाली की जमिनीवर पसरा आणि बायकोला किंवा मुलांना विचारा, यात सारखं काय आहे. स्वतः उत्तर देऊ नका, आपण आपल्याला हवं तेच बघतो. माझ्या साठांत प्लास्टिकच्या खुर्च्या निघाल्या. अकरा फोटोंत! मांडवाबाहेर एकात एक रचलेल्या, पावसात उलट्या पडलेल्या, हार घातलेल्या फोटोखाली ठेवलेली एक. लग्नात जेवणाच्या पंगती सुटल्या की मी थकून जे बघत बसतो ते हेच, हे मुलीनं सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यातून 'माणूस उठून गेल्यावर' ही मालिका झाली. ती घडवायला मी कुठेही गेलो नाही, ती माझ्या धंद्यातच पडून होती.

दुसरा रस्ता भाषेचा. थीम कळली की लोक आधी इंटरनेटवर त्या शब्दाचे फोटो शोधतात आणि तिथेच घात होतो, मग पुढचे पंधरा दिवस डोळे त्याच फोटोंची नक्कल शोधत फिरतात. त्यापेक्षा कागद घ्या आणि त्या अर्थाचे घरातले शब्द लिहून काढा. तुमची 'प्रतीक्षा'च घ्या. आपल्या घरात कुणी प्रतीक्षा करत नाही. प्रतीक्षा करतात ते रेल्वेच्या घोषणेतले प्रवासी. आपण वाट बघतो, ताटकळतो, तिष्ठत उभे राहतो, खोळंबतो, डोळे लावून बसतो, टपून बसतो, दम धरतो. नीट बघा, प्रत्येकाचं शरीर वेगळं आहे. ताटकळणारा माणूस पायांवर दिसतो, तो वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत असतो. त्याचा फोटो गुडघ्याच्या उंचीवरून घ्यावा. खोळंबणं हे माणसापेक्षा कामाचं असतं: सिमेंट कालवून ठेवलंय आणि वीट आलेली नाही. डोळे लावून बसण्यात समोर दार किंवा रस्ता लागतोच, तो फ्रेममध्ये नसेल तर नुसता उदास चेहरा उरतो. टपून बसणं मासळी बाजारातल्या मांजराकडून शिकावं. एका शब्दातून चार फोटो निघाले आणि अजून घराबाहेर पडलेलो नाही.

प्रतीक्षेसाठी जिल्ह्यातली माझी सगळ्यात लाडकी जागा लासलगावचा कांदा बाजार. बाजाराच्या सुट्टीला लिलाव नसतात, म्हणून तुमची सुट्टी बाजार चालू असलेल्या दिवशी येईल तेव्हा जा. सकाळपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. एका ट्रॉलीचा लिलाव बघता बघता उरकतो: व्यापारी येतात, ढिगातला कांदा उचलून दाबून बघतात, बोली चढते, आकडा ठरतो, घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. बाकी सगळा दिवस वाट बघण्याचा. आधी नंबराची, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होण्याची, मग हिशोबपट्टीची. बाहेरून आलेले फोटोग्राफर लिलावाच्या घोळक्यात घुसतात, कारण तिथे हातवारे आहेत, आरडाओरडा आहे. माझं मत विचाराल तर घोळका पुढे सरकल्यानंतर मागे उरलेल्या शेतकऱ्याकडे बघा. भाव पडला की चढला हे कुणी सांगावं लागत नाही. टोपी काढून पुन्हा घातली जाते त्यातच सगळं येतं. आणि आधी बोला, मग कॅमेरा काढा. त्याच्या पडलेल्या भावाचा फोटो हा तुमचा महिन्याचा गृहपाठ आहे, त्याचं ते वर्ष आहे.

कांदासुद्धा वाट बघतो, हे विसरू नका. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये काढून कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये भरतात आणि भावाची वाट बघत पुढचे काही महिने तो तिथेच असतो. चाळीच्या फटींतून तिरपं ऊन आत शिरतं तेव्हा धूळ आणि कांद्याची फोलपटं हवेत तरंगताना दिसतात. कॅमेऱ्याला सगळं सोपवलंत तर तो अंधार उजळवायला जाईल आणि उन्हाचे पट्टे पांढरे फटक होतील. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉपनं कमी करा, काळं काळंच राहू द्या. आणि तिथे लेन्स बदलू नका, सेन्सरवरचा कांद्याचा पापुद्रा काढायला मला एकदा पुण्याला जावं लागलं होतं.

द्राक्षाबद्दल थोडक्यात. मागून ऊन घेतलेला घड हा फोटो आपल्या जिल्ह्यात इतक्या वेळा काढून झालाय की आता द्राक्षंच कंटाळली असतील. पण 'जपणं' हे क्रियापद घेऊन बागेत जा. निफाडकडे पारा अगदी खाली येतो त्या रात्री घड जपायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे चार-पाचला मांडवाखाली धूर साचलेला, मधे लाल निखारे आणि कानटोपी घातलेला एक माणूस. थीम 'ऊब' असो, 'रात्र' असो, 'भीती' असो, तो फोटो तिन्हीला चालेल. अट एकच, थंडीची बातमी वाचून त्याच रात्री जायला ओळखीची बाग हवी, आणि ओळख आधी करून ठेवावी लागते. थीमच्या फोटोग्राफीतलं निम्मं काम हे असं चहा पीत होतं.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याबद्दल आता जरा लांबण लावतो, कारण हौशी मंडळी नेमका याचाच कंटाळा करतात. रंगपंचमीच्या रहाडी घ्या. जुन्या नाशकातले पेशवेकालीन हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, पोरं क्रिकेट खेळतात. रंगपंचमी जवळ आली की माती उकरतात, वरचे ओंडके काढतात, पूजा होते, प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग त्यात पडतो आणि मग धप्पा, म्हणजे त्या रंगात उडी. त्या दिवशी सगळे कॅमेरे गच्चीवर चढून धप्प्याचा तोच एक क्षण टिपतात: माणूस हवेत, खाली रंग. मीही काढलाय, माझ्याकडे असे सतरा आहेत. पण 'उघडणं आणि बुजवणं' ही थीम घेतलीत तर आधीचे दोन दिवस आणि नंतरचा दिवस हाच खरा विषय. सगळ्यात बोलका फोटो जून महिन्यातला असू शकतो: त्याच चौकात, त्याच उंचीवरून, पावसात छत्री धरून उभा असलेला माणूस, त्याच्या पायाखाली रहाड आहे. शेजारी रंगपंचमीचा फोटो ठेवला की बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यासाठी पहिल्या दिवशी एक गोष्ट करून ठेवा: उभं राहिलात तिथल्या जमिनीचा आणि समोरच्या खुणेचा फोनवर एक फोटो, आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती त्याची नोंद. १८-५५ वर ३५ लावलं होतं की ४० हे चार महिन्यांनी आठवत नाही आणि दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

या धीराचा पहिला मोठा धडा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं दिलाय. दादासाहेब फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि सामान घेऊन आले तेव्हा सिनेमाला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून जास्त काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत गेले. त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली, कोंब फुटून वेल वर चढताना दिसणारी. ती पाहून पैसे देणारे तयार झाले. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाआधी त्याच कॅमेऱ्यासमोर कुंडीतला एक वाटाणा होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथून वर जाताना मला हे दर वेळी आठवतं.

पांडवलेणी म्हटल्यावर तुमचा गट बुद्धमूर्ती आणि खांबांच्या सावल्या आणत असेल. तिथे माझं लक्ष भलतीकडे असतं, नावांकडे. डोंगरात चोवीस लेणी आहेत आणि भिंतींवरचे ब्राह्मी लेख बऱ्याच अंशी देणगीच्या पावत्या आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचं दान आहे. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्यानं तीन लाख गाई दिल्या. पुढे हेही लिहिलंय की तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) ठेव म्हणून ठेवले, म्हणजे व्याजातून भिक्षूंना वस्त्रं मिळत राहतील. कायम ठेव आणि तिची जाहीर नोंद, सगळं दगडात. आता खाली उतरा आणि जॉगिंग ट्रॅकवरचा बाक बघा: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. मंदिराच्या पायरीवरचं संगमरवर, पाणपोईवरचं नाव, मंगल कार्यालयातल्या पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं नाव, स्टीलच्या पातेल्यावर मशीननं ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आईचं नाव. 'नाव कोरून ठेवणं' ही थीम दोन हजार वर्षं लांब आहे आणि तिची सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात आहे.

लेण्यांतल्या उजेडाचं सांगून ठेवतो. त्यांची तोंडं साधारण उत्तर-ईशान्येकडे आहेत, त्यामुळे उन्हाळ्यातल्या सकाळी तिरपं ऊन आत येतं, हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलून उगवतो आणि ते ऊन फारसं मिळत नाही. कोरीव अक्षरं वाचता यायला बाजूनं येणारा उजेडच लागतो, समोरून फ्लॅश मारलात तर सगळं सपाट दिसतं. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती नसेल तर खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून जमेल तेवढं.

आणि सावलीवरून एक गंमत. नाशिक जवळजवळ नेमकं वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या विशीच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही येतो, पण तेव्हा तो ढगात. 'सावली' थीम आली तर बावीसपैकी एकवीस जण लांबलचक सावल्या आणतील. तुम्ही सावली नसलेला खांब आणा.

प्रवासाचं काय करायचं? माझा नियम असा की घरची थीम सोबत न्यायची, तिथे जाऊन शोधायची नाही. नव्या गावात पहिले दोन दिवस आपल्याला फक्त नवल दिसतं, आणि नवलाचे फोटो सगळ्यांचे सारखे येतात. मी 'पाणी वाहून नेणारी भांडी' घेऊन पाच-सहा वर्षं फिरलो. सुरुवात इथली: भांडी बाजारातले तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या आणि गंगेवर मिळणारा गोदेच्या पाण्याचा तोंड बंद केलेला छोटा तांब्याचा गडू. मग एप्रिल-मेमध्ये पेठ, सुरगाण्याकडे डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाया. तिथे धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, हे हंड्याच्या आकारावरून कळत नाही पण चालण्याच्या अंतरावरून कळतं, म्हणून मी तिथे लांबून, वाट दिसेल असे फोटो घेतले. पुढे राजस्थानात डोक्यावरच्या कापडी चुंबळीवरचं मातीचं मडकं आणि काशीच्या घाटावर झाकणवाले प्लास्टिकचे कॅन. तीन दिवस काशीत असून मी गंगा-आरतीचा एकही फोटो आणला नाही, यावर घरचे अजून बोलतात. पण कॅन विकणाऱ्या मुलानं एका दोरीला शंभरेक कॅन ओवून खांद्यावर टाकले होते, तो माणूस दिसतच नव्हता, नुसता पांढरा ढग चालत होता. हातात 'भांडी' नसती तर तो माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला असता.

ट्रिप ठरली नसेल तरी बिघडत नाही. कसाऱ्यापर्यंत जाणारी रोजची गाडी हासुद्धा प्रवासच आहे. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासधारकांची झोपायची पद्धत हा एक अख्खा विषय आहे. तो अजून कुणी नीट केलेला माझ्या पाहण्यात नाही. मी करणार होतो, पण झोपलेल्या माणसाची परवानगी कशी घ्यायची हे कोडं मला सुटलं नाही. तुम्हाला सुटलं तर कळवा.

परवानगीवरून आठवलं. रामकुंडावर दशक्रिया, अस्थिविसर्जन रोज चालू असतं आणि लांब लेन्स लावून पलीकडच्या काठावरून ते टिपणारे रोज दिसतात. मला ते पटत नाही. मुंडण केलेला मुलगा पाण्यात उभा आहे हा 'दुःख' थीमसाठी तयार फोटो वाटतो, पण तो त्यानं तुम्हाला दिलेला नाही. हात, ओला टॉवेल, पायरीवरच्या जोडलेल्या चपला यांतूनही तेच सांगता येतं, किंबहुना जास्त. आणि नाशिकरोडचा नोटा छापायचा प्रेस, देवळालीचा लष्करी भाग इथे कॅमेरा पिशवीतच ठेवा, तिथे थीम समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा येतोय, म्हणून एक इशारा. २००३ मध्ये मी रोल मोजून मोजून साधू काढले, २०१५ मध्ये न मोजता काढले. दोन्ही वेळचे साधू आज एकमेकांत मिसळले तर वेगळे करता येणार नाहीत. उरला तो २००३ चा एकच फोटो: हरवले-सापडले केंद्राबाहेर बसलेली एक म्हातारी, भोंग्यातून आपलं नाव पुकारलं जातंय का ते ऐकण्यासाठी मान वाकडी करून. कुंभाची थीम ठरवायची असेल तर आजच ठरवा, गर्दी यायच्या आधीचं नाशिक पुन्हा मिळणार नाही.

ती म्हातारी तुमच्या 'प्रतीक्षे'तच बसते, तेव्हा आता तुमच्या या महिन्याकडे येतो. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी गटातल्या रविवारच्या फोटोग्राफरांकडे नाही: पहाटे साडेपाच-पावणेसहाची सिडको. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभे असता. थंडीत सूर्य सातच्या सुमारास येतो, तोवर फक्त रस्त्याचा दिवा आणि चहाच्या टपरीचा बल्ब. लेन्स १८ वर, एपर्चर ३.५, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/३०. चेहरे दिसणार नाहीत, तर दिसू देऊ नका. खांद्याला डब्याच्या पिशव्या, कानटोप्या, चहाची वाफ. बस वळण घेते त्या दोन सेकंदांत हेडलाइटचा उजेड सगळ्यांवर एकदम पडतो आणि उभे असलेले सगळे एकाच वेळी एक पाऊल पुढे टाकतात. वाट बघणं तिथे संपतं. तो फोटो पहिल्या दिवशी मिळणार नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी मिळेल, तोवर सोबतच्यांना तुमच्या कॅमेऱ्याची सवय झालेली असेल. कारखान्याच्या गेटच्या आत मात्र कॅमेरा नको.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात रात्री साडेअकराला घरी पोचाल तेव्हा गॅलरीतला दिवा कोण चालू ठेवतं ते रस्त्यावरून बघा. फोननं काढलात तरी चालेल, फक्त फोकस दिव्यावर ठेवून उजेड बोटानं खाली ओढा, नाहीतर सगळी इमारत उजळून निघते आणि तुमची खिडकी तिच्यात हरवते. आणि दोन्ही प्रिंट काढून आणा, चार-बाय-सहाच.